आठ तासांचा दिवस आणि मुळशीची जमीन

'सीएसआर' ही अक्षरे आता आमच्या सरकारी कचेऱ्यांत चांगलीच रुळली आहेत. शाळेला बाके, आरोग्य केंद्राला रुग्णवाहिका, बसथांब्याला छप्पर, आणि त्यावर कंपनीचे नाव ठळक अक्षरांत. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ठरावीक मर्यादेहून मोठ्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत, असे ते कलम सांगते. मी कारकून माणूस. दोन टक्के म्हटले की मला बरे वाटते. बेरीज जुळते, फाइल बंद होते. पण बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्यामुळे एक शंका मनातून जात नाही. धंद्यातल्या नीतीचा हिशेब नफा हाती आल्यावर करायचा, की तो कमावला जात असताना?

या प्रश्नासाठी टाटांच्या घराण्याइतके चांगले उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही. लबाड धंदेवाल्याची गोष्ट सांगून काहीच शिकायला मिळत नाही. चांगल्या माणसांची गोष्टच आपल्याला अडचणीत टाकते.

जमशेटजींनी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली ती १ जानेवारी १८७७ रोजी. गिरणीत हवा खेळती राहावी, धूळ कमी व्हावी, म्हणून त्यांनी यंत्रणा बसवली. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला, तर १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. १९०२ साली आपल्या मुलाला, दोराबजींना, लिहिलेल्या पत्रात त्यांनी अजून न वसलेल्या पोलादनगरीचे चित्र रंगवले होते: रुंद रस्ते, सावलीची झाडे, खेळाची मैदाने, देवळे, मशिदी आणि चर्च यांना जागा. जमशेटजी १९०४ साली वारले. साकची गावी कारखाना उभा राहिला आणि पुढे १९१९ मध्ये त्या गावाचे नाव जमशेदपूर झाले.

तिथल्या सोयींच्या तारखा कायद्याच्या तारखांशेजारी मांडून पाहाव्यात. आठ तासांचा दिवस जमशेदपुरात १९१२ मध्ये आला. १९११ चा फॅक्टरी कायदा कापड गिरण्यांत पुरुषांकडून बारा तास काम घेऊ देत होता. भविष्य निर्वाह निधी तिथे १९२० मध्ये, देशाच्या कायद्यात १९५२ मध्ये. बाळंतपणाची सवलत तिथे १९२८ मध्ये, केंद्रीय कायदा १९६१ चा. ग्रॅच्युइटी तिथे १९३७ मध्ये, कायद्याने १९७२ मध्ये. आज महिन्याच्या पगारातून माझा जो निधी कापला जातो, त्याच्या मागे हा इतिहास आहे.

अर्थात तिथे सगळे गोडीगुलाबीने चालले असे नाही. १९२०, १९२२ आणि १९२८ मध्ये तिथे मोठे संप झाले. १९२० च्या संपात तर गोळीबार होऊन माणसे मेली. मालकाची दूरदृष्टी आणि कामगारांचा रेटा, दोन्ही मिळून त्या सोयी टिकल्या, असे मला वाटते.

आता त्याच काळात आपण पुणे जिल्ह्यातल्या मुळशीला येऊ. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. सह्याद्रीवरचा पाऊस अडवायचा, ते पाणी घाटाखाली सोडायचे आणि त्यावर वीज करायची, ही कल्पनाही जमशेटजींचीच. खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. पुढचे धरण टाटांच्या वीज कंपनीने मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ योजले. त्यात पन्नासच्या आसपास गावे आणि भाताची उत्तम खाचरे बुडणार होती. भूसंपादनाची रीतसर नोटीस मिळण्याआधीच शेतांत चर खणायला सुरुवात झाली. त्यातून १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे पुढारी. बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहून टाटांच्या घराण्याला फेरविचार करायला सांगितले. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले. शेवटी सत्याग्रह मोडला, १९२४ मध्ये बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र चालू झाले.

कंपनी बेकायदा वागली असेही म्हणता येत नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकार कंपनीसाठी जमीन घेऊन देऊ शकत होते. भरपाईही होती. पण ती ज्याचे नाव कागदावर त्याला. मुळशीतल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. ते भरपाईला राजी झाले. कसणारा कुळवाडी मात्र उघड्यावर पडला. आम्हा गोवेकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. भाटकार कोण, कूळ कोण, मुंडकार कोण, आणि 'एक-चौदा'च्या उताऱ्यावर नाव कोणाचे, यावर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालले आहेत. धरणाखाली गाव जाणे म्हणजे काय, हेही साळावलीच्या पाण्यातून दर उन्हाळ्यात वर येणारे कुर्डी गाव आम्हाला दाखवते.

तेव्हा एकाच घराण्याच्या या दोन वह्या आहेत. जमशेदपूरच्या वहीत कामगार 'आपला माणूस' होता, म्हणून त्याचे कामाचे तास, आजारपण, म्हातारपण सगळे नोंदले गेले. मुळशीचा शेतकरी कंपनीच्या हजेरीपटावर नव्हता. तो फक्त जमिनीचा तपशील होता. माझ्या मते नीतीची खरी कसोटी इथे लागते. आपल्या माणसाशी चांगले वागणे तुलनेने सोपे. ज्याच्याशी आपला करारच नाही, पण आपल्या धंद्याने ज्याचे घर जाते, त्याचे काय?

गंमत अशी की या दोन वह्यांचे दोन कायदे एकाच वर्षी लागू झाले. दोन टक्क्यांचे कलम एप्रिल २०१४ पासून, आणि नवा भूसंपादन कायदा त्याआधी १ जानेवारी २०१४ पासून. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती हवी, असे तो म्हणतो. ज्याच्या नावावर जमीन नाही, पण तिच्यावर पोट आहे, अशा कुळाला आणि शेतमजुरालाही तो बाधित मानतो. मुळशीच्या मावळ्यांचे म्हणणे कायद्याच्या पुस्तकात यायला नव्वद वर्षांहून अधिक काळ लागला. पुढे अनेक राज्यांनी त्यातून पळवाटा काढल्या, हेही खरे.

या दोन कायद्यांपैकी फलक लागतात ते पहिल्याचेच. त्या देणगीला मी नावे ठेवत नाही. बाकावर बसणाऱ्या मुलाला बाक हवेच आहे. पण यापुढे असा फलक दिसला, तर वाचकांनी एवढे तरी विचारावे: हे दोन टक्के झाले, उरलेले अठ्ठ्याण्णव कसे आले?