आमचा इकमिक कुकर

१९६२ साली मी सासरी आले, तेव्हा सासूबाईंनी आपला पितळी इकमिक कुकर माझ्या स्वाधीन केला. चुलीच्या धुराने त्यांची दृष्टी अधू झाली होती. “माझे डोळे गेले, तुझे सांभाळ,” एवढेच त्या म्हणाल्या.

हा कुकर कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी १९१०च्या सुमारास सिद्ध केला. ‘हायजिनिक’ आणि ‘इकॉनॉमिक’ या दोन शब्दांचे ते नाव! युक्ती साधीच. तळाशी निखारे, वर पाणी, आणि त्याच्या वाफेवर एकावर एक वरण, भात, भाजीचे डबे. एका विस्तवावर तीन पदार्थ. शिवाय निखारे विझत आले तरी आतली ऊब पुरे. ढवळणे नाही, करपणे नाही. नऊला निखारे घालून मी शिवणवर्गास जाई आणि बाराला येऊन पाने वाढी. (आमटी मात्र चुलीवरचीच, हे कबूल करते!)

पुढे घरी गॅस आला आणि मी तो कुकर मोडीत घातला. मोडवाल्याने तराजूत डबे टाकले, तेव्हा सासूबाईंनी आतून विचारले, “आपला कुकर का ग तो?”

मी ‘नाही’ म्हटले.