पाहुण्याचें पथ्य



प्रवासास निघालेला मनुष्य घर मागें ठेवतो, पण घरचे नियम त्याच्याबरोबरच चालत असतात. पूर्वीं काशीस जाणारे वृद्ध गृहस्थ शिधा आणि सोंवळ्याचा तांब्या बरोबर घेत. त्यांत परक्या गांवाविषयीं अनादर नसे; आपलें पथ्य सुटूं नये एवढीच काळजी असे. समुद्रकिनाऱ्यावर हवापालटास येणाऱ्या मुसलमान कुटुंबाचे प्रश्नही याच जातीचे असतात. मांस कसें कापलेलें आहे? कढईंत पूर्वीं काय तळलें होतें? वुजूसाठीं, म्हणजे नमाजापूर्वीं हातपाय व तोंड धुण्यासाठीं, पाणी कोठें मिळेल? मक्केची दिशा कोणती? प्रवासाच्या धंद्यांत या सोयीस हल्लीं ‘हलाल-स्नेही’ असें नांव मिळालें आहे. नांव नवें आहे, सोय मात्र जुनी आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यानें ती हजार वर्षांपूर्वींच करून पाहिली. त्या प्रयोगांत काय साधलें आणि काय साधलें नाहीं, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम नियम समजून घेऊं. ‘हलाल’ म्हणजे धर्मानें विहित ठरविलेलें. डुकराचें मांस, रक्त, आपोआप मेलेलें जनावर आणि मद्य हीं वर्ज्य. विहित जनावर ईश्वराचें नांव घेऊन कापलेलें असावें लागतें. मासळीस हा कापण्याचा नियम लागत नाहीं, म्हणून किनारा या पाहुण्यास मुळांतच अनुकूल आहे. त्यांतही एक बारकावा आहे. हनफी पंथाचे लोक समुद्रांतील मासा तेवढा खातात, शिंपले टाळतात. कोळंबीविषयीं त्यांच्या शास्त्र्यांत मतभेद आहे. शाफई पंथ समुद्रांतील बहुतेक जीव विहित मानतो. कोंकण व मलबारचे मुसलमान बहुधा शाफई, तर उत्तर हिंदुस्थानांतले बहुधा हनफी. तेव्हां एकाच पंक्तींतला एक पाहुणा तिसऱ्यांचें कालवण आवडीनें घेईल आणि दुसरा नाकारील. दोघेही आपापल्या शास्त्रास धरूनच वागत असतात.

प्रवाशास धर्मानेंच कांहीं सवलती दिल्या आहेत. चार रकातींचा नमाज त्यास दोन रकातींत आटोपतां येतो, रमजानचा रोजा पुढें ढकलतां येतो, आणि पाणी न मिळाल्यास स्वच्छ मातीवर हात टेकून शुद्धी करतां येते. राहिली दिशा. मुंबईपासून केरळापर्यंत मक्का पश्चिमेस, किंचित उत्तरेकडे कललेली पडते. या किनाऱ्यावर नमाजास उभा राहणारा मनुष्य बहुतेक समुद्राकडेच तोंड करून उभा असतो.

आतां इतिहासाकडे वळूं. इ. स. ९१६ च्या सुमारास मसूदी हा बगदादचा प्रवासी चौल बंदरास आला. त्या वेळीं तेथें शिलाहार राजा झंझ याचें राज्य होतें. चौलांत सुमारें १०,००० मुसलमान राहतात, असें मसूदीनें लिहून ठेविलें आहे. ओमान, सीराफ, बसरा व बगदाद येथून ते आलेले होते. त्यांचा कारभार पाहण्यासाठीं राजा त्यांच्यांतलाच एक प्रमुख नेमीत असे. त्यास ‘हुनरमन’ म्हणत. परदेशी व्यापाऱ्यास आपल्या धर्माप्रमाणें राहतां आलें तरच तो पुन्हां गलबत घेऊन येईल, हें त्या राजास कळत होतें.

याच काळांतला एक ताम्रपट आजच्या पालघर जिल्ह्यांतील चिंचणी येथें सांपडला आहे. तो इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकीर्दींतला आहे. संजाण प्रांताचा अधिकारी त्या वेळीं एक ताजिक, म्हणजे अरब कुळांतला पुरुष होता. ‘मोहम्मद’ या त्याच्या नांवाचें संस्कृत लेखकानें ‘मधुमति’ असें रूप केलें. या अधिकाऱ्यानें दोन नद्यांवर प्रवाशांसाठीं फुकट तर ठेविली आणि संजाणास अन्नसत्र घातलें. साळीचा भात, कालवण आणि तूप तेथें विनामूल्य मिळे. मुसलमान अधिकाऱ्याच्या सत्रांतलें हें जेवण पाहा: बहुतेक कोणाच्याही पथ्यांत बसावें असेंच तें आहे. त्याच ताम्रपटांत भगवतीच्या मठास दिलेल्या दानाचीही नोंद आहे.

पुढें चारशें वर्षांनीं या किनाऱ्यावर दुसरा पाहुणा आला. मोरोक्कोंतील तंजा शहरीं इ. स. १३०४ त जन्मलेला इब्न बतूता इ. स. १३४२ त दिल्ली सोडून निघाला, तो खंबायतेहून गोव्याजवळून होनावरास पोंचला. तेथील मुसलमान सुलतानानें त्यास जेवूं घातलें, आणि त्या जेवणाचें त्यानें मोठ्या चवीनें वर्णन केलें आहे. तांब्याच्या ताटांत भात, वर तूप. बाजूस मिरी, आलें, लिंबू व आंबा यांचीं लोणचीं. मग कोंबडी, मग मासळी, मग भाज्या, आणि शेवटीं दही. होनावरांत मुलांच्या २३ व मुलींच्या १३ शाळा आपण पाहिल्या, असेंही तो सांगतो. भाकरीवांचून केवळ भातावर राहणें त्या पश्चिमेकडील माणसास जड गेलें. पण तो जिभेचा प्रश्न होता, धर्माचा नव्हे.

होनावरच्या दक्षिणेस मलबारांत मात्र त्यास निराळा अनुभव आला. रस्त्यावर दर अर्ध्या मैलास लांकडी विश्रांतिगृह, त्यांत बसण्यास बांक, शेजारीं विहीर आणि पाणी देण्यास एक हिंदु मनुष्य. हिंदु वाटसरूस तो भांड्यांतून पाणी देई, मुसलमानाच्या ओंजळींत ओती. हिंदु लोक मुसलमानास घरांत घेत नसत, आपल्या भांड्यांत जेवूं देत नसत. जेथें मुसलमानांची वस्ती नसे तेथें ते त्याच्यासाठीं रांधीत आणि केळीच्या पानावर वाढीत. बहुतेक मुक्कामीं मुसलमानांचीं घरें होतीं. तीं नसतीं तर त्या देशांत कोणा मुसलमानास प्रवासच करतां आला नसता, असें इब्न बतूता स्पष्ट लिहितो. एळिमलेच्या मशिदींत वाटसरू आणि गरीब मुसलमान यांच्यासाठीं स्वैंपाकघर चाले. त्या मशिदीस हिंदूही मान देत, आणि दर्यावर्दी लोक तिला नवस बोलत.

या हकीकतींत दोन तऱ्हेचे नियम आहेत आणि ते वेगळे केले पाहिजेत. आपण काय खावें हा पाहुण्याचा नियम. तो त्यानें स्वतःवर घातलेला आहे, त्यानें दुसऱ्या कोणाचा मान कमी होत नाहीं. ओंजळींत वरून पाणी ओतण्याचा नियम यजमानाचा. तो दुसऱ्यावर लादलेला आहे. तहान भागते, पण घेणारा खालीं वांकतो. आपल्या गांवोगांवीं हजारों माणसांनीं असेंच वांकून पाणी प्यालें, आणि तें पुरे झालें हें सांगण्यासाठीं इ. स. १९२७ त महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. मलबारच्या त्या वाटेवर पाण्याची व्यवस्था चोख होती, ही गोष्ट खरी. परंतु चोख व्यवस्था आणि आदरातिथ्य यांत अंतर आहे, हें ती वाटच आपणांस शिकविते. पाहुण्याचें पथ्य सांभाळावें आणि आपला विटाळ सोडावा, एवढाच तिचा धडा.

किनाऱ्यावर खोल्या भाड्यानें देणाऱ्या कोणाही कुटुंबास हें आज सहज साधेल. मांसाविषयीं खात्री नसेल तर तसें सांगावें. अंदाजानें ‘हलाल आहे’ म्हणूं नये. मासळी तळावयाची कढई व तेल निराळें ठेवावें. मसाल्यांत मद्य घातलें असल्यास विचारण्यापूर्वींच बोलावें. पाय धुण्यास सखल नळ आणि नमाजास स्वच्छ चटई असली कीं पुष्कळ झालें. पाहुण्यानेंही आपलें पथ्य खोली ठरवितांनाच कळवावें. जेवणाच्या पाटावर बसल्यावर नव्हे. यांत कोणासही आपला धर्म बाजूस ठेवावा लागत नाहीं. आणि पाणी देतांना तें भरल्या पेल्यानें, हातांत हात देतों तसें समोरून द्यावें.