‘ॲनिमल्स’ पुन्हा ऐकताना

पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉकसमूहाशी आमची ओळख कॅसेटींमधून झाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वर्गात मर्ढेकर वाचत असताना, काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’मधून आणलेल्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) आणि ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५) यांची आम्ही पारायणे केली. ‘ॲनिमल्स’ (१९७७) मात्र आम्हा दोघांनाही रुचला नव्हता. त्यात आधीच्या संग्रहांचा गोडवा नव्हता. होता तो करकरीत कडवटपणा. आता चाळिशी उलटल्यावर, तळोज्यात राहून तो पुन्हा ऐकताना आमचे मत बदलले आहे. ते का, हे सांगावेसे वाटते.

संग्रहाचा इतिहास थोडक्यात असा. त्यातील दोन दीर्घ रचना १९७४ पासूनच वेगळ्या नावांनी मैफलींत वाजत होत्या. १९७६ मध्ये समूहाने लंडनमधील स्वतःच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत ध्वनिमुद्रण केले, तेव्हा रॉजर वॉटर्सने त्यांना नवे रूप दिले. ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’चा (१९४५) रोख स्टालिनशाहीवर होता, वॉटर्सने प्राण्यांचे रूपक घेऊन ते भांडवलशाही ब्रिटनकडे वळवले. येथे कुत्रे म्हणजे लचके तोडणारे धंदेवाले, डुकरे म्हणजे नीतीचे ठेकेदार आणि मेंढ्या म्हणजे मुकाट चालणारी प्रजा. अखेरीस मेंढ्या उठाव करतात. संग्रह जानेवारी १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात, १८ तारखेला, आपल्याकडे आणीबाणीतच लोकसभा निवडणुकांची घोषणा झाली होती. मेंढ्यांच्या उठावाचा अर्थ येथल्या श्रोत्याला वेगळा शिकवावा लागला नसता.

‘डॉग्ज’ ही रचना सतरा मिनिटांची आहे. ख्यालाच्या विस्ताराला सरावलेल्या कानाला एवढी लांबी जड जाऊ नये. तिच्या मधल्या संथ भागात कुत्र्यांचे भुंकणे यंत्रातून गाळून सुरांत मिसळले आहे. विशीत हा भाग आम्ही कॅसेट पुढे पळवून टाळत असू.

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळे कुत्रे दिसले. एका कारखान्यातील रंगद्रव्य त्यांच्या अंगावर चढले होते. छायाचित्रे जगभर पोहोचली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. पावसाने कुत्र्यांचा रंग धुऊन नेला. कासाडी नदीचे दुखणे मात्र त्याहून जुने. तिच्यातील मासळीवर जगणाऱ्यांना दाद मागण्यासाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले होते.

त्यानंतर ‘डॉग्ज’ ऐकताना वॉटर्सच्या रूपकाची मर्यादा आमच्या ध्यानी आली. त्याचा कुत्रा शिकारी. तळोज्याचा कुत्रा शिकार. माणसांची तीन कळपांत वाटणी केली की जमीन, पाणी आणि खरीखुरी जनावरे हिशेबातून गळतात. शिवाय आमचे कित्येक विद्यार्थी याच वसाहतीत नोकरी करतात. त्यांच्या घरची चूल त्याच धुराड्यांवर पेटते. त्यांना आम्ही कोणत्या कळपात घालावे? आणि त्यांच्या फीमधून ज्यांचा पगार निघतो, त्या आम्हाला?

ही उणीव शब्दांत राहिली, तरी मुखपृष्ठाने काहीशी भरून काढली आहे. त्यावर बॅटरसी वीजकेंद्राच्या चार धुराड्यांमध्ये तरंगणारे फुगीर डुक्कर आहे. छायाचित्रणाच्या वेळी, ३ डिसेंबर १९७६ रोजी, ते दोर तोडून उडाले आणि केंटमधील एका शेतात जाऊन पडले. वीजकेंद्र १९८३ मध्ये थंडावले. २०२२ पासून तेथे दुकाने आणि उंची सदनिका आहेत. लंडनची धुराडी शोभेची झाली. आमच्याकडची कामावर आहेत.

संग्रहाच्या आरंभी आणि शेवटी एकाच छोट्या गीताचे दोन भाग आहेत. त्यांत राग नाही, एकमेकांची काळजी घेण्याची साधी बोली आहे. तरुणपणी आम्हाला ती पुस्तीसारखी वाटे. आज वाटते, वॉटर्सने उपाय म्हणून जे काही सुचवले ते एवढेच. आणि त्या ‘एकमेकांत’ नदी धरायची की नाही, हा प्रश्न त्याने आपल्यासाठी ठेवला आहे.