नेवऱ्याचा सॅक्सोफोन

सिंगापूरच्या क्लबात आज पंचविशीतला सॅक्सोफोनवादक दिसला, की तो एखाद्या संगीत महाविद्यालयातून आला असणार असं आपण धरून चालतो. नव्वद वर्षांपूर्वी आशियाच्या बंदरांत जॅझ पसरला तो हॉटेलांच्या बॉलरूममधून. टेडी वेदरफोर्ड हा अमेरिकन पियानोवादक शांघाय, मनिला, सिंगापूर अशी बंदरं करत मुंबईच्या ताजमध्ये पोचला. तिथे नोटेशन सफाईने वाचणारे वादक त्याला आयते मिळाले, ते गोव्याचे.

पोर्तुगीज अमलात गोव्यात चर्चला जोडून संगीतशाळा होत्या. तिथे मुलं शिकायची प्रार्थनेसाठी. पुढे त्याच विद्येवर पोट भरायचं. हळदोण्याच्या आंतोनियो झेवियर वाझचा असाच मुंबईत 'चिक चॉकलेट' झाला. 'अलबेला'त (१९५१) सी. रामचंद्रांच्या चालींवर भगवानदादा नाचतात, त्या वाद्यमेळात याचा ट्रम्पेट आहे. मराठी घरांत ती गाणी पाठ आहेत, त्याचं नाव मात्र नाही.

त्याचे जावई ब्राझ गोन्साल्विस, तिसवाडीतल्या नेवऱ्याचे. तिसवाडी ही जुन्या काबिजादीतली. खाडीपलीकडे फोंडा. सोळाव्या शतकात लोकांनी देव हलवले ते तिकडेच, आणि देवळांच्या आश्रयाने गाणंही तिकडेच रुजलं. दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, केसरबाई केरीच्या. होडीने जाता येईल एवढं अंतर, पण चर्चच्या शाळेत राग शिकवत नसत.

ब्राझना तो शोधावा लागला मोठेपणी, कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर रात्री वाजवण्याच्या दिवसांत. अडचण तांत्रिकही होती. जॅझमध्ये पायाखालचे कॉर्ड सतत बदलतात. रागाला षड्ज स्थिर लागतो. १९५९ नंतर माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेनने कॉर्डची गर्दी कमी केली आणि ही वाट मोकळी झाली. मींड मात्र ओठांच्या दाबानेच काढायची. १९७०मध्ये त्यांची 'रागा रॉक' ही तबकडी आली. नाव त्या काळाच्या फॅशनचं, आतलं काम फॅशनचं नाही. पुढे लुई बँक्स आणि कर्नाटक शैलीच्या गायिका रामामणी यांच्याबरोबर ते युरोपात वाजवून आले.

'फ्यूजन' म्हटलं की आपण रविशंकरांपासून सुरुवात करतो. नेवऱ्याहून निघालेली ही वाट मात्र आपल्या संगीताच्या इतिहासात मला क्वचितच भेटते. बहुधा चर्चमधलं ते संगीत आपण कधी आपलं मानलंच नाही.