कापले तरी पुन्हा वाढते

डोळ्याच्या कोपऱ्यातून मांसाचा त्रिकोणी पडदा निघून बुबुळावर सरकलेला आपण पुष्कळदा पाहतो. उन्हावाऱ्यात राबणाऱ्यांमध्ये तो विशेष आढळतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. पंखासारख्या आकारावरून ग्रीकांनी त्याला ‘टेरिजियम’ म्हटले. आयुर्वेदात हेच ‘अर्म’.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अर्म आकड्याने उचलून कापण्याची रीत दिली आहे. कमी कापल्यास ते लवकर पुन्हा वाढते, असा इशाराही तेथे आहे. म्हणजे खरी अडचण तेव्हाही ठाऊक होती.

मग पुरेसे कापले की काम संपले का? १९४८ साली ऑस्ट्रेलियातील डोम्ब्रेन यांनी मांस काढून खालचे श्वेतपटल उघडेच ठेवण्याची पद्धत मांडली. ती सोपी होती. पण निरनिराळ्या अहवालांत मांस परत येण्याचे प्रमाण शेकडा २४ ते ८९ भरले. परत आलेले मांस बहुधा अधिक जाड व चिकटलेले असते. वाढ दडपण्यासाठी स्ट्रॉन्शियम-९० चे बीटा किरण आणि मायटोमायसिन हे औषध वापरले गेले. पुनर्वाढ घटली, परंतु काही रुग्णांचे श्वेतपटल झिजून पातळ झाले. कधी तर अनेक वर्षांनी.

१९८५ साली अमेरिकेतील केन्यन व सहकाऱ्यांनी मोकळ्या जागी त्याच रुग्णाच्या डोळ्यावरील निरोगी पातळ आवरणाचा तुकडा शिवला. ५७ डोळ्यांपैकी ४१ मध्ये मांस पूर्वी काढूनही परत आलेले होते. शस्त्रक्रियेनंतर ते केवळ ३ डोळ्यांत पुन्हा वाढले.

हा आकडा आकर्षक खरा, पण तुलनेसाठी दुसरा गट कोठे होता? १९९७ साली मायामीतील संशोधकांनी गर्भाभोवतीच्या पातळ पटलाचे कलम आणि स्वतःच्या आवरणाचे कलम यांचे निष्कर्ष शेजारी ठेवले. पूर्वी परत आलेल्या मांसाच्या रुग्णांत पुनर्वाढ अनुक्रमे शेकडा ३७.५ व ९.१ होती. मात्र हे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिकपणे पाडलेले नव्हते. तसे गट पाडलेल्या २० चाचण्यांचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतरच्या मोजणीत त्यातही स्वतःच्या आवरणाचे कलमच सरस ठरले.

सहा महिने पुरेसे आहेत का, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर त्याला शाबासकी द्यावी. बीटा किरणांचे दुष्परिणाम वर्षानुवर्षांनी दिसले होते, हे त्याच्या ध्यानात राहिले आहे. कोणत्याही उपचाराचे यश ऐकले की आपण तीन गोष्टी विचाराव्यात: कितीजणांत, कशाच्या तुलनेत आणि किती काळानंतर?