नाकतोड्याच्या गुणसूत्रांवरील जनुकांचे पत्ते

आनुवंशिकी शिकवताना आपण मेंडेलचे वाटाणे आणि मॉर्गनची फळमाशी यांची आठवण हमखास काढतो. नाकतोड्याची मात्र सहसा काढत नाही. वास्तविक आनुवंशिकीचा एक महत्त्वाचा धडा त्याच्याच पेशींत वाचला गेला.

1902 साली अमेरिकेत वॉल्टर सटन हा तरुण विद्यार्थी एका जाडजूड नाकतोड्याच्या वृषणातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होता. नाकतोड्याची गुणसूत्रे चांगली मोठी आणि संख्येने थोडी असतात. नरात 11 जोड्या आणि एक एकटे क्ष-गुणसूत्र, अशी एकूण 23. आकारावरून जोड्या ओळखता येत होत्या. शुक्रपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतील जोडीदार वेगळे होतात, हे सटनने पाहिले. मेंडेलचे घटकही असेच वेगळे होतात! पुढे 1913 मध्ये एलिनॉर कॅरोथर्स यांनी जोडीदार असमान असलेली एक जोडी नाकतोड्यातच शोधली. तिची वाटणी क्ष-गुणसूत्र कोणीकडे जाते यावर अवलंबून नसते, हे त्यांनी मोजून दाखवले.

पण कोणते जनुक कोठे आहे? 1969 मध्ये जोसेफ गॉल आणि मेरी लू पार्ड्यू यांनी ते पाहण्याची युक्ती काढली. डीएनएचे दोन धागे परस्परपूरक असतात. काचपट्टीवरच हे धागे सुटे करायचे आणि त्यांवर किरणोत्सारी खूण केलेला पूरक आरएनए सोडायचा. तो आपल्या जागीच जाऊन चिकटतो. त्यांनी रायबोसोमच्या आरएनएची जनुके निवडली, कारण त्यांच्या शेकडो प्रती ओळीने असतात. एक पणती दुरून दिसत नाही, पणत्यांची रांग दिसते. पुढे किरणोत्सारी खुणेऐवजी चकाकणारे रंग आले.

इतक्या प्रती कशासाठी? पेशीला लाखो रायबोसोम लागतात. हिस्टोन प्रथिनेही डीएनए दुप्पट होताना एकदम हवी असतात. एका प्रतीने ही गरज भागत नाही.

स्पेनमधील ग्रानादा विद्यापीठात होसेफा काब्रेरो, हुआन पेद्रो कामाचो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत नाकतोड्यांवर वापरली. 2009 मध्ये तपासलेल्या 35 जातींत हिस्टोन जनुकांचा एकच गट आढळला. 23 साध्या गुणसूत्रांच्या 21 जातींपैकी 17 जातींत तो आकाराने साधारण आठव्या गुणसूत्रावर होता. रायबोसोमच्या जनुकांची गोष्ट निराळी. 2008 मध्ये 49 जातींत पाहिले, तर त्यांचे पत्ते जातीजातींत बदलत होते आणि अनेक ठिकाणच्या प्रती मुक्या होत्या.

म्हणजे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गुणसूत्रांच्या आत काही जनुके ठाण मांडून बसतात, तर काही बिऱ्हाड हलवतात. फळ्यावर आपण गुणसूत्र म्हणजे मण्यांची माळ काढतो. ती काढताना एवढे जरूर सांगावे, की उत्क्रांतीच्या ओघात या माळेतले काही मणी जागा बदलतात आणि माळ मात्र पूर्वीसारखीच दिसत राहते.