खेळाची नोकरी

भाताची झोडणी उरकली की आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी गावोगावी कबड्डीची मैदानं आखली जातात. एखाद्या पोराने एका चढाईत तीन गडी टिपले की टाळ्या पडतात, आणि बाजूला बसलेली म्हातारी माणसं विचारतात, "कुठं चिकटलाय का?" म्हणजे पोलिसात, रेल्वेत, बँकेत. महाड-पोलादपूरकडच्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत चाकरी केली, त्यामुळे खेळाचा हिशोबही तो चाकरीतच करतो. पण खेळाडूचा पगार दुसऱ्याच कामाच्या नावावर लावायची ही रीत कबड्डीत येण्याआधीची आहे.

फुटबॉल तिच्यातूनच मोठा झाला. फर्गस सुटर हा ग्लासगोचा पाथरवट १८७८ साली लँकेशायरमधल्या डार्वेन गावी आला आणि तिथल्या संघातून खेळू लागला. खेळाडूला उघडपणे पैसे देण्याची तेव्हा सोय नव्हती. पण सुटरने लवकरच छिन्नी-हातोडा खाली ठेवला. इथला दगड फार टणक, असं कारण त्याने दिल्याचं सांगतात. घर कशावर चालतं, हे गावाला ठाऊक होतं. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १८८५ साली खेळाडूच्या पगाराला मान्यता दिली, तोवर सुटर ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून दोनदा एफए कप जिंकून बसला होता.

आपल्याकडे याच रीतीतून पुढे आले ते क्रिकेटचे बाळू पालवणकर. चर्मकार घरातला हा मुलगा पुण्याच्या पारशी क्लबात खेळपट्टी झाडायला आणि रोलर फिरवायला लागला, महिना तीन रुपयांवर. मग युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे साहेबांना सरावासाठी तो तासन्‌तास डावखुरी फिरकी टाके. बॅट मात्र त्याच्या हाती कुणी दिली नाही. पगार रोलरचा, राबणूक गोलंदाजीची. पुढे मुंबईत रेल्वेची नोकरी आणि रेल्वेचाच संघ. हिंदू संघाने त्याला घेतलं ते बळींसाठी. चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही. ते १९२३ साली धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. त्यानंतर चारच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच बाबासाहेबांनी तरुणपणी बाळूच्या सत्कारात पुढाकार घेतला होता.

बाळूनंतर मुंबईत कचेऱ्यांचे संघ फोफावले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारणारा गोव्याच्या घरातला नेव्हिल डिसोझा टाटांच्या संघाकडून खेळे. गोव्यात धेंपे, साळगावकर या खाणमालकांचे संघ नावारूपाला आले. खेळाडू हजेरीपटावर आणि मैदानावर, दोन्हीकडे.

कबड्डीत खेळाचा पैसा खेळाच्या नावावर ठळकपणे लागला तो २०१४ च्या प्रो कबड्डीच्या लिलावात. सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजारांची. पण लीग काही महिन्यांची आणि गुडघा एकदा गेला की गेला. राकेश कुमार स्वतः रेल्वेत नोकरीला होता. म्हाताऱ्यांचा प्रश्न जुना असेल, चुकीचा नाही.